गिऱ्हाईक गाडी कुठं लावणार?

 

आज मी बचतीवर बोलणार नाही, हप्त्यावरही नाही. आज बोलायचंय ते गाडी लावण्यावर. हसू नका. माझ्याकडच्या गटांमधले दोन चांगले चाललेले धंदे बंद पडायला आले होते, आणि कारण माल खपत नव्हता हे नव्हतं. गिऱ्हाईक भरपूर होतं. ते गिऱ्हाईक आपली मोटरसायकल शेजाऱ्याच्या जागेत लावत होतं, एवढंच.

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. तिला आपण वहिनी म्हणू आणि शेजाऱ्यांना अण्णा.

वहिनींची आधी नुसती पिठाची गिरणी होती. दहा बाय पंधराची खोली, दार रस्त्याला लागून. बायका डोक्यावर डबा घेऊन चालत यायच्या, दळण टाकायच्या, निघून जायच्या. मग गटातून कर्ज घेऊन वहिनींनी मिरची कांडप घेतलं. त्यांचा अर्ज मीच भरला. मशीन किती हॉर्सपॉवरचं, वीज कोणती, सीझन किती महिन्यांचा, सगळं लिहिलं. ‘जागा’ या रकान्यात लिहिलं, ‘स्वतःची’. खोटं नव्हतं ते. दुकान त्यांचंच. पण दुकानाच्या दारात जागा होती जेमतेम एका पायरीची, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसली नाही.

आता कांडपाचं कसं असतं तुम्हाला माहीत आहे. दळण टाकून बाई घरी जाते, पण मसाला टाकून कुणी जात नाही. आपली बेडगी दुसरीच्या लवंगीत मिसळली तर काय घ्या! आपल्या डोळ्यांसमोर कुटून, चाळून, गरम मसाला डब्यात भरून न्यायचा. म्हणजे दोन तास. होळीपासून पाऊस पडेपर्यंत आसपासच्या वाड्यांवरून माणसं येणार, मोटरसायकलवर पोतं आडवं टाकून. एका वेळी दहा-बारा गाड्या, कधी एखादा छोटा टेम्पो. त्या उभ्या कुठं राहणार? दुकानाच्या बाजूला अण्णांची दीडेक गुंठा जागा मोकळी होती. पूर्वी तिथं गोठा होता, तो पडला. जागेला कुंपण नाही, आणि कुंपण नसलं की आपल्याकडे ती जागा सगळ्यांची असते.

पण ती रिकामी नव्हती. अण्णांच्या घराचं दार त्याच जागेतून रस्त्याला निघतं. ट्रॉली तिथंच उभी राहते. त्यात भर म्हणून मिरचीचा खकाणा खिडकीतून सरळ त्यांच्या पडवीत.

पहिली दोन वर्षं अण्णा बोलले नाहीत. मग काकूंनी वहिनींना सांगितलं, “जरा कडेला लावायला सांग गं.” वहिनींनी गिऱ्हाइकाला सांगितलं. गिऱ्हाईक म्हणालं, दोनच मिनिटं. मग अण्णांनी दोन दगड ठेवले. लोकांनी दगड सरकवले. मग बाभळीची काटेरी फांदी आली. कुणाचं तरी चाक पंक्चर झालं, त्यानं अण्णांच्या मुलाची कॉलर धरली. आणि त्या गडबडीत वहिनींचे मालक एक वाक्य बोलून गेले, “पाच वर्षं लावतोय, आता हक्क झालाय आमचा.”

त्या वाक्यानं जे बिघडलं ते काट्यांनीही बिघडलं नव्हतं.

पुढं चैत्रात एका संध्याकाळी अण्णांच्या आईला दम लागला. म्हातारी ऐंशीच्या पुढची. रिक्षा आली, पण दारापर्यंत जाईना. मधे दोन मोटरसायकली, हँडल लॉक केलेल्या, मालक मसाला टाकून बाजारात गेलेले. शेवटी खुर्चीत बसवून चौघांनी म्हातारीला रस्त्यावर आणलं. तिसऱ्या दिवशी ती बरी होऊन घरी आली, देवाची कृपा. पण त्या रात्रीच अण्णांनी ट्रॉली आणून वहिनींच्या दुकानासमोर आडवी लावली. ऐन सीझनमध्ये अकरा दिवस कांडप बंद. हप्ता चुकला, तेव्हा गटानं मला बोलावलं.

मी गेले ती मनात निकाल ठरवूनच गेले होते. आमची बाई गरीब, अण्णा बागायतदार, तेव्हा चूक अण्णांची. अशा वेळी आपल्या अंगात फार न्याय संचारतो. काकूंनी चहा दिला. तो माझ्या हातातच होता तेव्हा अण्णा म्हणाले, “ताई, मला गाड्यांचं वाईट वाटत नाही. पण तुमच्याच माणसानं हक्क म्हटलं. बारा वर्षांनी ती माझ्या पोरांना म्हणेल, जागा आमची. तेव्हा तुम्ही येणार का सांगायला?”

तोवर मला वाटत होतं हा माणूस अडमुठा आहे. तो घाबरलेला होता. आणि त्याच्या भीतीला थोडा आधारही होता.

मी तालुक्याच्या कोर्टात गेले. तिथं आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला तिथं वकिलाची मदत मोफत मिळते. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. नुसती बाई असणं पुरतं! तिथल्या वकीलबाईंनी मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते.

बारा वर्षांची गोष्ट खरी आहे, पण ती उघडपणे मालक म्हणून जागा ताब्यात ठेवणाऱ्याची. खऱ्या मालकाला न जुमानता कुणी बारा वर्षं तसा बसला आणि मालक गप्प राहिला, तर मालकाचा दावा बुडू शकतो. दुसरी गोष्ट वीस वर्षांची. १८८२ चा सुखाधिकाराचा कायदा आहे. दुसऱ्याच्या जागेतून वाट वगैरे कुणी वीस वर्षं उघडपणे, भांडण न होता, खंड न पडता, हक्क म्हणून वापरली, तर तसा हक्क मागता येतो. दोन्हीकडे मुद्दा एकच, की वापरणारा परवानगीनं वापरत नसतो. परवानगी घेऊन वापरलं तर ती किती का वर्षं होईनात, त्यातून हक्क तयार होत नाही. जागेचा मालक ती परवानगी काढूनही घेऊ शकतो.

मला तिथंच हसू आलं. आपल्याकडे सगळे म्हणतात, लिहून देऊ नको, लिहून दिलं की जागा गेली. इथं उलटं होतं. लिहून ठेवलं तर अण्णांची जागा राहणार होती. आणि लिहून द्यायचं होतं वहिनींनी.

एक बारीक गोष्ट वकीलबाईंनी सांगितली, ती अण्णांना मी मुद्दाम सांगितली. परवानगीवर दिलेल्या जागेत समोरच्यानं त्या परवानगीच्या जोरावर स्वतःच्या खर्चानं काही पक्कं बांधकाम केलं, तर मग परवानगी काढून घेणं सोपं राहत नाही. म्हणजे शेड नको, कोबा नको, फरशी नको.

पोलिसांकडे दोघंही जाऊन आले होते. जागेचा वाद दिवाणी आहे, कोर्टात जा, असं दोघांनाही सांगण्यात आलं. पण दुसऱ्याची गाडी आपल्या जागेत असली तरी तिचं चाक फोडायचा अधिकार आपल्याला नाही, हेही अण्णांच्या मुलाला तिथंच कळलं. तहसीलदारांकडे रस्ता अडवल्याचा जो अर्ज करतात तो शेतीच्या वाटेचा असतो. गावठाणातल्या दुकानाला त्याचा उपयोग नाही. एवढं फिरून झाल्यावर सगळे थोडे दमले होते, आणि दमलेली माणसं बरं ऐकतात.

आमच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली आहे. केंद्राची स्वामित्व योजना, २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेली, त्यात ती होते आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी नकाशा टेबलावर पसरला. मोकळी जागा अण्णांचीच, त्यात वादच नाही. पण अण्णांचे दोन दगड त्यांच्या हद्दीच्या बाहेर, रस्त्यात. ट्रॉलीही रस्त्यातच. आणि वहिनींच्या दुकानाची पायरी? तीही रस्त्यात. भाऊसाहेब हळूच म्हणाले, “पायरीचं आत्ता काढू नका.” काढलं नाही. अजूनही काढलेलं नाही, रेडिओवरून निघालं ते निघालं.

मग तंटामुक्ती समिती बसली. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हाची आमच्याकडची समिती अजून बसते. देवळात नऊ पुरुष. वहिनींचे मालक बोलायला पुढं, वहिनी बाहेर चपलांपाशी. मी म्हटलं, कर्जावर सही कुणाची आहे? हप्ता कोण भरतं? मग बोलणार कोण? थोडी कुजबुज झाली, पण एका म्हाताऱ्या सदस्यानं सतरंजी सरकवली.

वहिनी आत येऊन बसल्या. तोंड भरून माफी वगैरे काही मागितली नाही. म्हणाल्या, “अण्णा, जागा तुमची हाय. माझी न्हाई आन् माझ्या पोरांचीबी कधी होणार न्हाई. मी लिहून देते. आजींचं त्या दिवशी जे झालं त्याची मला रात्री झोप येत न्हाई.”

अण्णा बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, “किती गाड्या?”

कागद साधाच झाला, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. जागा अण्णांची आहे आणि गाड्या त्यांच्या परवानगीनं लागतात, हे पहिलं वाक्य. आठ गाड्या, फक्की मारलेल्या रेषेच्या आत. अण्णांच्या दारापासून रस्त्यापर्यंत आठ फुटांची वाट कायम मोकळी. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. शेड, कोबा, बोर्ड काही नाही. मुदत पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, आणि कुणालाही थांबवायचं असेल तर महिनाभर आधी सांगायचं. हँडल लॉक न करता किल्ली दुकानातल्या खिळ्यावर लावायची, ही वहिनींची युक्ती. किल्ली दिली नाही तर मिरची घेत नाहीत. त्या बाजूची खिडकी बंद करून खकाणा मागच्या अंगाला काढला. पैसे ठरले नाहीत. काकूंना मसाला फुकट कुटून देते असं वहिनी म्हणाल्या, तर काकू म्हणाल्या, “फुकट नको, पण रांगेत उभी राहणार नाही.” हे कागदावर नाही, पण सगळ्यांत काटेकोर पाळलं जातं ते हेच.

दर वेळी असं जमत नाही, हेही सांगते. मघाशी दोन धंदे म्हटलं, त्यातला दुसरा शिलाईचा होता. तिथला शेजारी प्लॉट विकून शहरात गेला. नव्या मालकानं आल्या आल्या भिंत घातली. तोंडी परवानगी काय आणि लेखी काय, जागा विकली की नव्या मालकावर ती बांधील नसते. आमच्या बाईनं मोकळ्या जागेच्या भरवशावर आणखी दोन मशीन घेतली होती. मी तिच्यासाठी काही करू शकले नाही. ती आता घरूनच शिवते, एकाच मशीनवर. म्हणून जागा खरोखर वर्षानुवर्षं लागणार असेल, भाडं देऊन घ्यायची असेल, तर वकिलाला विचारून रीतसर करार करा, साध्या कागदावर थांबू नका. आणि वाद पेटलाच असेल तर लोकअदालत आहे. कोर्टात दावा दाखल होण्याआधीचं प्रकरणही तिथं ठेवता येतं. तिथं झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी असते, त्यावर अपील नाही. विधी सेवेचा फोन नंबर १५१००, लिहून घ्या.

यंदाच्या पाडव्याला अण्णांनी कागद पुन्हा लिहिला. मुलानं चारचाकी घेतली, म्हणून आठाच्या सहा गाड्या केल्या. वहिनी कुरकुरल्या, पण सही केली. उरलेल्या गाड्या आता देवळामागं जातात, पुजाऱ्यांना विचारून.

माझ्या अर्जात मी ‘जागा’ या रकान्याच्या खाली पेनानं एक ओळ वाढवली आहे, गिऱ्हाईक गाडी कुठं लावणार? छापील अर्जात ती नाही. पुढच्या बुधवारी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा कसा वाचायचा ते बघू. घरातला उतारा शोधून ठेवा, आणि त्यावर तुमचं नाव आहे का तेवढं पाहून ठेवा. नमस्कार.