उपहासाची तसबीर आणि सुरतेची कबर

सतराव्या शतकात युरोपातील अमीर-उमराव आपली तसबीर ताम्रपत्रावर कोरवून घेत, तेव्हा नक्षीदार चौकट, खाली बिरुदावली आणि स्तुतीच्या चार ओळी असा तिचा सरंजाम ठरलेला असे. हाच सरंजाम उपहासकाराच्या हाती पडला म्हणजे काय होते, हे १६९१ साली हॉलंडमध्ये निघालेल्या चोवीस चित्रांच्या मालिकेत दिसते. प्रॉटेस्टंट प्रजेला दिलेले धर्मस्वातंत्र्याचे फर्मान फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ मध्ये रद्द केले, त्यास जबाबदार धरलेल्या मंडळींना कर्नेलिस ड्यूसार्ट या चित्रकाराने मठवाशांचा वेष चढविला. ‘सूर्यराजा’ लुईचे तर तोंडच सूर्याचे केले! दातेरी हत्याराने सगळा पत्रा खरबरीत करून, जिथे उजेड हवा तेवढीच जागा घासून गुळगुळीत करण्याच्या पद्धतीमुळे, काळोखातून वर येणारी ती नाके नि गाल अधिकच बोचरे वाटतात.

असाच डामडौल थडग्यांतही दिसतो. त्याच १६९१ च्या डिसेंबरात, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांची लाचलुचपत तपासण्यास नेमलेला डच अंमलदार फान रीडे सुरतेच्या वाटेवर जहाजातच निवर्तला. सुरतेत त्याच्यावर दुमजली, घुमटदार कबर उभी राहिली. तिथल्याच ऑक्झेंडन या इंग्रज बंधूंच्या कबरीवर मात करण्यासाठीच हा खटाटोप, असे सांगतात. माझ्या मते ड्यूसार्टला याहून फर्मास विषय मिळाला नसता. सुरतेतील डिंडोलीकरांनी सवडीने कतारगाम दरवाजाकडील ही कबर अवश्य पाहावी.