सिलिंडर दारात, शेगडी विझलेली

तुमच्यापैकी जे सर्व्हर सांभाळतात, त्यांना आज थोडं रागावणार आहे.

लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं. ३० दिवस उरले की सर्टबॉट नवं आणून ठेवतो. तुम्ही एका कंटेनरमध्ये सर्टबॉट बसवता, दुसऱ्यात एनजिनएक्स, आणि म्हणता, झालं, आता बघायला नको. इथंच घात होतो.

गॅसचा नवा सिलिंडर वेळेवर आला, दारात ठेवला. पण रेग्युलेटर जुन्यालाच! पोळ्या अर्ध्यावर असताना शेगडी विझते. एनजिनएक्सचंही तसंच. सुरू होताना तो प्रमाणपत्र वाचतो आणि मेमरीत धरून बसतो. डिस्कवर नवी फाइल आली याचा त्याला पत्ताच नसतो. रीलोड करणं म्हणजे रेग्युलेटर बदलणं.

एका पतसंस्थेची साइट मी पाहत असे. एके सकाळी फोन आला, ‘ब्राउझर धोका म्हणतोय, आमच्या ठेवी सुरक्षित आहेत ना?’ आवाज म्हाताऱ्या बाईंचा होता. फाइल उघडली, तर तिची मुदत अजून ६० दिवस होती. नवा सिलिंडर महिनाभर दारात पडून होता. एका ओळीत रीलोड केलं, साइट उघडली. पण त्या बाईंच्या जिवाला घोर लागला तो लागलाच.

कंटेनरांत आणखी एक गोम आहे. सर्टबॉटनं ज्या दारात सिलिंडर ठेवला, ते एनजिनएक्सच्या घराचं दार असायला हवं, म्हणजे व्हॉल्यूम सामायिक हवा. त्यातही नुसतं ‘लाइव्ह’ फोल्डर जोडू नका. तिथं फक्त दुवे असतात, खऱ्या फाइली ‘आर्काइव्ह’मध्ये. वरचं अख्खं फोल्डरच जोडा. आणि व्हॉल्यूमच नसेल, तर कंटेनर नव्यानं उभा केला की प्रमाणपत्र पुन्हा मागावं लागतं. त्याच नावांसाठी ७ दिवसांत ५ मिळतात, पुढे बसा वाट पाहत.

म्हणून पुन्हा सांगतो, रीलोड. दर सहा तासांनी आपोआप होऊ द्या. चालू जोडण्या तुटत नाहीत, काळजी नको. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टनं जून २०२५ मध्ये बंद केली आहे. शिवाय १५ मार्च २०२९ पासून कुणाचंही प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं नसेल. तेव्हा हातानं कोण किती वेळा...

वेळ संपत आली. आज रात्री एवढं करा. सर्व्हरवरची फाइल पाहू नका. आपल्या फोनवर साइट उघडा आणि प्रमाणपत्राची अखेरची तारीख तिथं वाचा.