घर बदलताना विचाराचं मोल



घराच्या नूतनीकरणावर व्याख्यान म्हटलं, की विषय खासगी वाटतो. ज्याचं घर, ज्याचा पैसा, त्याने ठरवावं. पण आपल्याकडे हा विषय लोकांसमोर मांडण्याची जुनी परंपरा आहे. १९३७ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ नावाचं प्रदर्शन भरवलं होतं. मुंबईत तेव्हा आरसीसीच्या नव्या इमारती उभ्या राहत होत्या, मध्यमवर्ग फ्लॅटमध्ये येऊ लागला होता आणि या नव्या जागेत राहायचं कसं, हा प्रश्न वास्तुविशारदांनी लोकांपुढे ठेवला होता. आज त्याच प्रश्नाचा पुढचा भाग आपल्यासमोर आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात आईवडिलांनी पै-पै जमवून घेतलेले फ्लॅट आता जुने झाले आहेत. नळ गंजले, वायरिंग एसी-गिझरचा भार सोसेना, बाथरूमची गळती खालच्यांच्या छतात उतरली. राहणाऱ्यांचीही वयं झाली. मग घरात ठरतं, की एकदा सगळं नीट करून घेऊ. त्यासाठी मुदत ठेवी मोडल्या जातात, कर्ज काढलं जातं, आणि एवढ्या पैशाचे निर्णय बहुधा दुकानाच्या काउंटरवर घाईघाईने होतात.

मी बरीच वर्षं इंटिरिअर डिझायनर म्हणून काम करते. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. घर बदलायला काढाल तेव्हा विचाराचे पैसे वेगळे द्या, उघड द्या आणि तोडफोड सुरू होण्याआधी द्या. मी याच व्यवसायातली असल्यामुळे हे माझ्या सोयीचं बोलणं वाटू शकतं. म्हणूनच माझी कारणं आपण पारखून घ्यावीत.

पहिला प्रश्न असा, की हा विचार करणारा माणूस ओळखायचा कसा? १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनर म्हणवून घ्यायला अशी कोणतीही कायदेशीर नोंदणी लागत नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही आमच्या व्यवसायाची संस्थाही १९७२ चीच, पण तिचं सभासदत्व ऐच्छिक आहे. शिवाय २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की तो कायदा ‘आर्किटेक्ट’ या नावाला संरक्षण देतो. नोंदणी नसलेल्याने वास्तुरचनेचं काम करण्यावर त्याची बंदी नाही. म्हणजे चार वर्षं शिकून, साइटवर उमेदवारी करून आलेली व्यक्ती आणि कालपर्यंत नुसतं फर्निचर विकणारी व्यक्ती, दोघांच्या दारावर एकच पाटी असू शकते. पारख आपल्यालाच करावी लागते.

त्यासाठी फोटो पाहू नका, राहतं घर पाहा. ज्या घराने तीन-चार पावसाळे काढले आहेत, अशा घरी घेऊन चला, असं डिझायनरला सांगा. तिथल्या माणसांना दोन गोष्टी विचारा. पहिल्या अंदाजपत्रकातला आकडा आणि शेवटी दिलेला आकडा यांत किती फरक पडला? आणि पैसे चुकते झाल्यावर दाराची बिजागरी सैल झाली, तेव्हा फोन केल्यावर कोणी आलं का? मग डिझायनरकडे एखाद्या जुन्या कामाची वर्किंग ड्रॉइंग्ज मागा. आजकाल संगणकावरची थ्रीडी चित्रं पाहून माणसं हरखून जातात. पण त्या चित्रावरून सुताराला कपाट करता येत नाही आणि वायरमनला बोर्डाची जागा कळत नाही. ती कळते मापं घातलेल्या नकाशांवरून. प्लग कुठे, किती उंचीवर. कोणती लाइन कुठून. ड्रॉवर किती खोल. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटरची वायर, साध्या पॉवर पॉइंटला २.५, एसी-गिझरला ४, हे ज्याच्या कागदावर लिहिलेलं आहे, त्याने घराचा विचार केला आहे असं समजावं.

आता पैशाकडे येते. समजा, आपलं काम वीस लाखांचं आहे आणि डिझायनरने दहा टक्के, म्हणजे दोन लाख शुल्क सांगितलं. लगेच मनात येतं, नुसत्या कागदांचे दोन लाख? तेवढ्यात कोणीतरी सांगतं, की आम्ही डिझाइन फुकट देतो, फक्त काम आम्हाला द्या. इथे आपण थांबलं पाहिजे. विचार करायला वेळ लागतो, नकाशे काढणाऱ्यांना पगार द्यावे लागतात. तो खर्च कुठून तरी निघणारच. तो दरांत मिसळला जातो, नाहीतर दुकानदाराच्या कमिशनमधून निघतो. प्लायवूड, लॅमिनेट, टाइल्स, हार्डवेअर, दिवे या सगळ्या बाजारात काम आणून देणाऱ्याला कमिशन देण्याची पद्धत आहे. ज्याचं उत्पन्न कमिशनवर चालतं, तो आपल्यासाठी माल कसा निवडेल, याचा विचार करा.

एक उदाहरण घेऊ. दरपत्रकात नुसतं ‘१९ मिलिमीटर प्लाय’ एवढंच लिहिलेलं असतं. पण साधारण वापराच्या प्लायवूडचं भारतीय मानक आयएस ३०३, आणि पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचं आयएस ७१०. दोन्हींची जाडी तीच, रंगही जवळपास तोच. लॅमिनेट चिकटलं की आत काय आहे, ते कोणालाही ओळखता येत नाही. आठ बाय चारच्या एका शीटचं क्षेत्रफळ ३२ चौरस फूट. चाळीस शीट लागल्या, तर १,२८० चौरस फूट झाले. दरात चौरस फुटाला नुसता ४० रुपयांचा फरक धरला, तरी ५१,२०० रुपये होतात. शिवाय सिंकखालचं कपाट दोन पावसाळ्यांत फुगलं तर ते नव्याने करण्याचा खर्च वेगळाच. मानक, कंपनी आणि ग्रेड दरपत्रकात लिहून घेतली, तर माल उतरतानाच शीटवरचा आयएसआयचा शिक्का पाहता येतो. हे लिहून घेणारा आणि माल उतरताना तपासणारा माणूस विक्रेत्याच्या पैशावर जगणारा नसावा, म्हणून त्याचं शुल्क आपण द्यायचं.

टक्केवारीच्या शुल्कातही एक अडचण आहे. काम महाग झालं, की शुल्क वाढतं. त्यामुळे मला ठोक शुल्काची पद्धत जास्त पसंत आहे. किती खोल्या, कोणते नकाशे, साइटवर किती भेटी, हे आधी ठरवावं आणि रक्कम टप्प्यांत द्यावी. जीएसटी त्यात धरला आहे की वेगळा, हेही विचारावं. लागू असेल तर तो १८ टक्के असतो. कमिशन घेणार नाही, मिळालेली सवलत थेट ग्राहकाला देईन, असं करारात लिहून मागावं. ज्यांचं एक खोली-स्वयंपाकघर आहे, हाताशी दोन-तीन लाखच आहेत, त्यांना पूर्ण शुल्क झेपणार नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी डिझायनरकडून नुसता सल्ला आणि एक मापाचा नकाशा घ्यावा, काम आपल्या ओळखीच्या सुताराकडून करून घ्यावं. आमच्या व्यवसायाने अशा छोट्या कामाला नाही म्हणू नये, असं मी माझ्या सहकाऱ्यांनाही सांगते.

श्रोतेहो, शुल्क देऊन विकत घ्यायचा तो विचार कसला? तो आपल्या राहण्याचा. म्हणून डिझायनरला भेटण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून आपला दिवस लिहून काढावा. पहाटे उठून पहिला चहा कोण करतं? वर्षाचे गहू-तांदूळ भरता का? लोणच्याच्या बरण्या, पाहुण्यांच्या गाद्या, गौरी-गणपतीचं सामान कुठे राहतं? गौरी उभ्या करायला आणि आरतीला पंधरा माणसं उभी राहायला दिवाणखान्यात जागा सोडायची आहे का? असं असेल, तर तिथे भिंतीएवढा पक्का सोफा करून चालणार नाही.

स्वयंपाकघराबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचं आहे, कारण तिथे जी व्यक्ती रोज चार-चार तास उभी असते, तिलाच पुष्कळदा कोणी विचारत नाही. ओटा सरसकट चौतीस इंचांवर बांधला जातो. खरं तर कामाची पातळी उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली हवी. पाच फुटांहून कमी उंचीच्या बाईला कणीक मळायला, पोळ्या लाटायला वरून जोर द्यावा लागतो. ओटा उंच असेल तर खांदे वर ओढले जातात. त्यात शेगडीची उंची आणि वर कढई, म्हणजे फोडणी डोळ्यांच्या दिशेने उडते. म्हणून शेगडीखालचा ओटा थोडा खाली घ्यावा. हा बदल ओटा बांधायच्या आधी सुचला तर जवळजवळ फुकट होतो. ग्रॅनाइट बसल्यावर सुचला तर होतच नाही. म्हणून मापं घेताना वहिनींना, आजींना भिंतीशी उभं करा. घरकामाला मावशी येत असतील, तर भांडी घासण्याची जागा ठरवताना त्यांनाही विचारा.

म्हातारपणाचंही तसंच. पन्नाशी-साठीत काढलेलं काम पुढची वीस-पंचवीस वर्षं वापरायचं असतं. बाथरूमचा दरवाजा बहुतेक घरांत अडीच फुटांचा असतो. चाकाची खुर्ची सहज जायला ९० सेंटिमीटरची मोकळी रुंदी लागते. दरवाजा रुंद करणं, उंबरा काढून टाकणं, न घसरणारी फरशी घेणं, कमोडजवळ आणि शॉवरजवळ धरायच्या दांड्यांसाठी टाइल लावण्याआधीच भिंतीत पक्का आधार ठेवणं, ही कामं आज केली तर उद्या घरातल्या कोणाचं तरी हाड वाचेल.

आता सर्वांत गंभीर भाग. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमधली सिद्धी-साई इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं आणि त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि सहा जणांचा जीव गेला. फरशी बदलणं हे आपल्याला किरकोळ काम वाटतं. थोडा हिशेब करू. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान यांसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो आहे. जुनी फरशी न काढता तिच्यावर सिमेंट-वाळूचा दोन इंचांचा थर टाकला, तर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वाढले. वर टाइलचे वीस-बावीस. म्हणजे माणसांसाठी ठेवलेल्या भारातला निम्म्याहून जास्त वाटा फरशीनेच खाल्ला, आणि तोही चाळीस-पन्नास वर्षं जुन्या, सळया गंजलेल्या स्लॅबवर. वर राडारोडा आणि सिमेंटची पोती एकाच खोलीत रचली, की धोका आणखी वाढतो.

म्हणून भिंत पाडायची, बाल्कनी आत घ्यायची, संडास हलवायचा असं कोणीही सुचवलं, की स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत मागा. हे काम डिझायनरचं नाही, आणि चांगली डिझायनर ते स्वतःच सांगते. जुन्या लोड-बेअरिंग इमारतीत विटांची भिंतच वरचा मजला उचलून धरत असते. संडास हलवला, तर तो खालच्यांच्या देवघरावर किंवा स्वयंपाकघरावर जातो. सोसायटीची परवानगी घेणं ही शेजाऱ्यांच्या जिवाची हमी आहे, तिच्याकडे कटकट म्हणून पाहू नये.

कराराबद्दल थोडक्यात. कामाची बाबवार यादी, प्रत्येक बाबीचं माप आणि दर, टप्प्याटप्प्याने पैसे, आणि मध्ये झालेला प्रत्येक बदल लेखी. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं, की दोन दिवस पाणी भरून ठेवा, खालच्या घरी जाऊन छत पाहा आणि मगच टाइल लावू द्या. घरात ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. विजेचा धक्का बसताच तो प्रवाह तोडतो. शेवटचा हप्ता उरलेल्या दुरुस्त्या पूर्ण होईपर्यंत हातात ठेवा. एवढं करूनही फसवणूक झाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि तिथे ही कागदपत्रंच आपल्या बाजूने बोलतात.

आणि हे सगळं ज्यांच्या हातून होतं त्यांच्याविषयी. राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेले सुतार, मराठवाड्यातून आलेले गवंडी महिनोन्‌महिने आपल्या घरात राबतात. त्यांना प्यायचं पाणी, वापरायला संडास आणि कापताना उडणाऱ्या धुळीसाठी मास्क मिळालाच पाहिजे. करारात ही ओळही घाला. ठेकेदाराला दिलेला हप्ता त्यांच्यापर्यंत पोचतो का, हे विचारायला संकोचू नका.

आज इथे वेगवेगळ्या सोसायट्यांचे पदाधिकारी बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे. आपल्या कार्यालयात इमारतीचे आरसीसी नकाशे मिळवून ठेवा, आणि नूतनीकरणाच्या प्रत्येक अर्जासोबत मापाचा नकाशा आणि इंजिनिअरचं पत्र मागण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत करा. आणि ज्यांच्या घरी यंदा काम निघणार आहे, त्यांनी सुताराला बोलावण्याआधी विचार करणाऱ्याला बोलवावं. घर आपलं आहे. त्याचा विचारही आपल्या देखत, आपल्या संमतीने आणि आपण उघडपणे दिलेल्या पैशातून व्हावा, एवढंच माझं मागणं आहे.