कात्रीनं घडवलेली माणसं

छापील कागदाच्या कपट्यांतून माणसाचा चेहरा उभा करताना नाकडोळे हुबेहूब जुळवणं हे दुय्यम काम. कुठला कागद घ्यायचा, कुठं कापायचा आणि कशाशेजारी डकवायचा, हे ठरवणं महत्त्वाचं. त्या माणसाबद्दल आपल्याला काय वाटतं ते तिथं उमटतं. हे ज्यांनी फार लवकर ओळखलं, त्या जर्मन चित्रकर्ती हाना ह्योख यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

ह्योखबाईंचा जन्म १८८९चा, गोथा शहरातला. १९१६ ते १९२६ त्या बर्लिनच्या उल्श्टाइन या बड्या प्रकाशनगृहात नोकरीला होत्या. विणकामाचे, भरतकामाचे नमुने काढणं हे त्यांचं काम. बाईनं कसं दिसावं, काय घालावं, हे शिकवणारी मासिकं तिथूनच निघत. ती चित्रं कशी घडवली जातात, हे त्या रोज पाहत होत्या. मग तीच छापील चित्रं त्यांनी कात्रीखाली घेतली.

त्यांचं १९२०चं ‘सुंदर मुलगी’ पाहा. पोहण्याच्या पोशाखातली एक तरुणी बसलेली आहे आणि डोक्याच्या जागी विजेचा दिवा! भोवती मोटार कंपनीची बोधचिन्हं, चाक, घड्याळ. मागं केसांचा भला मोठा फुलोरा, पण त्याखाली चेहरा गायब. कुंचल्यानं रंगवलं असतं, तर ही चित्रकर्तीची कल्पना ठरली असती. इथं तुकडे छापखान्यातून आलेले आहेत, म्हणून ते साक्ष देतात.

त्याच सुमाराच्या एका भल्यामोठ्या चित्राच्या नावातच त्यांनी स्वयंपाकघरातली सुरी आणली. त्यात पुढारी आहेत, आइन्स्टाइन आहेत, यंत्रं आहेत. खाली उजव्या कोपऱ्यात युरोपचा नकाशा आहे, स्त्रियांना मताधिकार मिळालेले देश दाखवणारा. त्याच्याजवळ त्यांनी स्वतःचा इवलासा चेहरा डकवला. आपण कुठं उभ्या आहोत, हे सांगायला त्यांना तेवढी जागा पुरली.

नाझी राजवटीत त्यांची कला बदनाम ठरली. १९३९मध्ये त्या बर्लिनच्या कडेला हायलिगेनझे इथं राहायला गेल्या आणि आपलं व मित्रांचं काम त्यांनी तिथं लपवून जपलं. पुढं १९७२-७३मध्ये, ऐंशी उलटल्यावर, त्यांनी आपल्या आयुष्याचं मोठं चित्र रचलं. लहानपणापासून म्हातारपणापर्यंतचे स्वतःचे फोटो आणि त्यांच्यामध्ये आपल्याच चित्रांचे तुकडे.

तुम्हीही असं कपट्यांचं चित्र करून पाहा. रद्दीतली मासिकं, जुने दिवाळी अंक, टोकदार कात्री आणि डिंक एवढं पुरे. ज्याचं चित्र करायचं, त्याचा एक फोटो समोर ठेवा आणि आधी उजेड-सावली कुठं आहे ते बघा. गालावरच्या सावलीला कुठलाही गडद कागद चालतो, रात्रीच्या आभाळाचा किंवा साडीच्या जाहिरातीचा. सगळे तुकडे नुसते मांडून लांबून पाहा, हलवा, बदला; डिंक शेवटी. आणि सांधे लपवू नका. दोन तुकडे जिथं भेटतात, तिथं पाहणारा थांबतो आणि विचार करतो.

दिवसभर हजार चित्रं आपल्याला सांगत असतात, की माणूस असा दिसायला हवा. मुलांच्या हाती कात्री द्या, आजीचं चित्र करायला सांगा. आजी कशाकशाची बनली आहे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना जाहिरातींपेक्षा जास्त आहे.