काम वाटले, अपराध वाटला नाही



आपल्या सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच अशोकाने तेराव्या लेखात कलिंगातील एक लक्ष माणसांच्या संहाराचा पश्चात्ताप कोरविला. दोष सेनापतीवर ढकलला नाही. याउलट लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे धाडण्याची व्यवस्था पाहणारा आइकमन १९६१ साली जेरुसलेमच्या न्यायालयात म्हणाला, मी केवळ आज्ञा पाळली! न्यायालयाने ते मानले नाही.

माणसाला एकाच कामात कोंडणारा समाज त्याच्या विवेकालाही कुंपण घालतो. जातिव्यवस्था श्रमिकांचीच विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. म्हणून आपले काम कितीही लहान असो, त्याचे फळ कोण भोगतो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.