अंगठा आणि कात्री

(वर्धा जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



समाजकार्य शिकणारी मुलंमुली आणि देवळी तालुक्यातल्या एका गावच्या बाया, या सगळ्यांनी मिळून एक छोटी फिल्म केली. तिच्याबद्दल बोलायला तुम्ही मला बोलावलंत. मी फिल्मवाली नाही. एम. एस. डब्ल्यू. झाल्यापासून याच जिल्ह्यात बचत गट आणि जमिनीच्या हक्कांचं काम करते. तेव्हा कॅमेऱ्याचं तंत्र माझ्याकडून मिळणार नाही. आम्ही कुठे चुकलो, ते मात्र सांगू शकेन.

विषय तुमच्या ओळखीचाच. शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केली, मागे बाई राहिली, शेत ती कसते. पण सातबारावर नाव कोणाचं? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीचा हिस्सा दिलेला आहे. प्रत्यक्षात काय घडतं? महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ बायांची पाहणी केली. २०१२ ते २०१८ या काळात विधवा झालेल्यांपैकी ४० टक्के बायांना, ज्या जमिनीत त्या राबत होत्या तिचा हक्क मिळालेला नव्हता. घरावरचा हक्क तर फक्त ३५ टक्के बायांना मिळाला होता.

आमचे विद्यार्थी नऊ. पाच मुली, चार मुलगे. कॅमेरा म्हणजे मोबाईलच. पहिल्या दिवशी तो मुलांच्या हातात गेला आणि मुली टिपणं घेऊ लागल्या, चहाचं बघू लागल्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. आपोआप झालेली वाटणी कशी असते, ते आपल्याला माहीत आहे. बायाही 'हो', 'नाही' यापलीकडे बोलेनात. तिसऱ्या दिवशी आम्ही पाळी लावली. प्रत्येकाने कॅमेरा धरायचा, प्रत्येकाने चहा करायचा. मग गावच्या बायांच्या हातातही मोबाईल दिला. एकीने शेजारणीची बोटं टिपली, कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली. आमच्यापैकी कोणालाही ते सुचलं नव्हतं.

पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करतात, ते तुम्हाला सांगायला नको. मुलांना ते फार छान वाटलं, फिल्ममध्ये हवंच म्हणाली. गटातली एक विधवा बाई म्हणाली, "घ्या ना. पण पूजेच्या वेळी मी धुऱ्यावर उभी रायतो, थेही घ्या." वर्षभर शेतात राबणारी ती, आणि पूजेला धुऱ्यावर! आमची फिल्म तिथूनच सुरू होते.

आता चूक सांगते. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांकडून कागदावर सही-अंगठा घेतला होता. 'चित्रीकरणास आमची हरकत नाही.' मजकूर मीच लिहिलेला, पुस्तकी मराठीत. मला वाटलं, नीतीचं काम संपलं.

फिल्म जोडून झाल्यावर एकीच्या घरी फक्त बायांना दाखवली. त्यात एक बाई सांगते की दीर वारस नोंद होऊ देत नाही. स्वतःला पडद्यावर बघून ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "मॅडम, माहं तोंड काढून टाका. माहे शब्द राहू द्या. ज्या दिवशी सातबारावर माहं नाव चढन, त्या दिवशी माहं तोंड दाखवा."

मुलं हिरमुसली. तेच दृश्य सगळ्यांत चांगलं होतं आणि एका स्पर्धेला फिल्म पाठवायची मुदत चार दिवसांवर आली होती. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, सही आहे ना आपल्याकडे?" खरं सांगते, क्षणभर मलाही तेच वाटलं होतं. दोन दिवस वाद झाला. शेवटी एक मुलगी म्हणाली, "फिल्म झाली की आपण वर्ध्याला परत जाऊ. ती दिराच्या शेजारीच राहणार आहे." त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

चेहरा काढला. पण गावात आवाजही ओळखू येतो. मग तिचीच वाक्यं दुसऱ्या तिघींनी एकेक करून म्हटली. ऐकताना कळतं की ही एकीची तक्रार नाही. स्पर्धा हुकली ती हुकलीच.

मागाहून मी मुलांना युगांतर या गटाबद्दल सांगितलं. दीपा धनराज आणि त्यांच्या सोबत्यांचा हा गट. निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर १९८२ मध्ये त्यांनी 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. त्यासाठी ते चार महिने त्या बायांबरोबर होते, त्यांचं ऐकत होते, त्यांच्याशी चर्चा करत होते. त्याआधी १९८१ मध्ये पुण्यातल्या घरकामगार बायांबरोबर 'मोलकरीण' केला. आम्ही चार दिवस दिले आणि त्याला 'सहभाग' म्हटलं.

सहभाग म्हणजे सुरुवातीला घेतलेला अंगठा नव्हे. शेवटी कात्री कोणाच्या हातात आहे, त्यावर तो ठरतो. म्हणून आता आम्ही तीन गोष्टी पाळतो. फिल्म पुरी होण्याआधी बायांना दाखवायची. जिचं बोलणं असेल तिने 'काढा' म्हटलं की कारण न विचारता काढायचं. आणि फिल्म कुठे दाखवायची, कुठे नाही, ते गावच्या गटाने ठरवायचं. आपण अहवालात बायांचे फोटो छापतो, सभेत त्यांच्या कहाण्या सांगतो, तिथेही हेच लागू आहे. मी स्वतः किती कहाण्या न विचारता सांगितल्या असतील!

त्या बाईचा वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिला आहे. दिराने हरकत घेतली आहे. सुनावणीला आम्ही तिच्याबरोबर जातो, आता ती दोन मुलंही येतात ज्यांना सहीचं फार वाटत होतं. काढलेलं दृश्य पेनड्राइव्हवर घालून तिलाच दिलं. ते तिच्या पेटीत आहे.

तुमच्या गावात अशा किती नोंदी अडून पडल्या आहेत? इथून परत गेल्यावर आधी तेवढं विचारा. फिल्म नंतर करू.