फोनवरचे पोलीस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. भिशीला जमल्यावर बोलते तसेच बोलेन, ते गोड मानून घ्यावे. गोष्ट माझ्या सासूबाईंची आहे आणि त्या इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. "सांग ग, माझेच म्हणून सांग," असे त्या म्हणाल्या, तेव्हा कुठे मी उभी राहिले.

दागिने पॉलिश करून देणारे आपल्याला ठाऊक आहेत. रस्त्यातले तोतया पोलीसही ठाऊक आहेत. "आजी, पुढे खून झालाय, बांगड्या काढून रुमालात बांधा," म्हणतात, आणि घरी येऊन रुमाल सोडावा तर आत खडे! पण तो चोर निदान समोर तरी असतो. आरडाओरडा केला तर शेजारी धावतात. आताचा चोर फोनातून माजघरात शिरतो आणि आपण पलीकडे पोळ्या लाटत असतो.

२०२४ चा श्रावण. सोमवारी सकाळी सासूबाईंना फोन आला, तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे, त्यात मादक पदार्थ सापडले. पाठोपाठ व्हिडिओचा फोन. समोर खाकी कपड्यातला माणूस, मागे पोलीस ठाण्याची पाटी. "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. फोन बंद करायचा नाही. घरात बोललात तर मुलालाही धरून नेऊ." पंचाहत्तरीची बाई, जन्मात ठाण्याची पायरी चढलेली नाही. त्यांनी दाराला कडी घातली ती दोन दिवस. हाक मारली की आतून "जप चाललाय" म्हणत. ताट तसेच परत येई. श्रावणाचे दिवस, म्हणून मला वावगे वाटले नाही. खरे सांगते, मनात म्हटले, रुसल्या असतील, येतील आपोआप.

बुधवारी त्या एकट्या बँकेत गेल्या. पिशवीत फोन चालूच. मामंजींच्या पश्चात ठेवलेली मुदतठेव मोडली आणि ३ लाख २० हजार रुपये त्या लोकांनी सांगितलेल्या खात्यात भरले. तपास झाला की परत देऊ, असे कबूल केले होते ना! बँकेतल्या मुलीने विचारलेसुद्धा, आजी, एवढी रक्कम कशाला? "नातीच्या शिक्षणाला," हे उत्तर त्यांनी आधीच पढवून ठेवलेले.

रात्री पानावर बसल्या तर घास हातातून गळू लागला, तेव्हा सगळे बाहेर आले. मी म्हटले, "अहो, मी भिंतीपलीकडे होते. मला एक हाक का मारली नाहीत?" त्या म्हणाल्या, "त्या ५०० रुपयांना तू काय बोललीस, आठवते का?"

आठवत होते. आदल्या वर्षी दारावर आलेल्या एकाकडून त्यांनी गुडघ्याचे तेल घेतले, ते नुसते गोडेतेल निघाले. तेव्हा चार बायकांदेखत मी म्हटले होते, तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही. चोर म्हणाला घरात बोलू नका, आणि ते त्यांना पटले. कारण घरात बोलले की काय ऐकावे लागते ते त्यांना माहीत होते.

यजमानांनी त्याच रात्री १९३० या नंबरावर फोन केला. हा सरकारचा नंबर आहे. किती पैसे, कोणत्या खात्यात, किती वाजता, बँकेच्या पावतीवरचा नंबर कोणता, एवढे ते विचारतात आणि पुढच्या बँकेला पैसे थोपवायला कळवतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात पळत असतात, म्हणून 'सकाळी बघू' म्हणायचे नाही. आमचे ९० हजार थोपले. ते कोर्टातून हाती यायला चार महिने गेले. बाकीचे गेले ते गेलेच.

पुढे २७ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी रेडिओवर 'मन की बात'मध्ये सांगितले की डिजिटल अटक अशी काही गोष्ट कायद्यातच नाही. सासूबाई ऐकत होत्या. उठल्या, रेडिओ बंद केला, आणि त्या दिवशी पुन्हा खरोखरच जेवल्या नाहीत.

तेव्हापासून मी जिभेला आवर घातला आहे. सोपे नाही हो! संध्याकाळी दिवा लावला की आम्ही दोघी दिवसभरात कोणाकोणाचे फोन आले ते एकमेकींना सांगतो. आधी मी माझे सांगते. पैसे मिळायचे असतील तर पिन घालावा लागत नाही, द्यायचे असतील तरच लागतो, हे मला याच बोलण्यात उमगले. तोवर मलाही कुठे ठाऊक होते?

गेल्या आठवड्यात पुन्हा एक फोन आला. बिल भरले नाही, रात्री वीज तोडणार. सासूबाई त्याला म्हणाल्या, "थांबा हं, सुनेला बोलावते." मी कणकेच्या हातांनी धावत गेले तोवर त्याने फोन ठेवला होता. "अग, तुझे नाव घेताच पळाला," म्हणून त्या केवढ्या हसल्या!

१९३० चा आकडा मी जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून आणला आहे. हळदीकुंकवानंतर ज्यांना हवा त्यांनी माझ्याकडून घेऊन जावा; चाळीस पुठ्ठे आहेत.